राक्षसाचे हात

इंद्रजित : पण मिथुनदादा, हा राक्षसच आहे ना?

मिथुन : राक्षसच हाय. मंग तुना कोन वाटतंय?

इंद्रजित : मला वाटतंय, हा मांडवाच्या दारात वऱ्हाडाला वाकून या, बसा म्हणतोय. आता गुलाबपाणी शिंपडेल.

मिथुन : तू परत सुरू नको होऊ. तिसरा चित्र हाय ह्ये.

इंद्रजित : अरे, हात बघ ना त्याचे! दोन्ही हात पुढे, तळवे वर. पोराला पकडायला आलेल्या राक्षसाचे असे हात बघितलेत कधी?

मिथुन : मी राक्षसच कवा बगितला नाय, तं त्याचे हात कुठशी बगनार?

इंद्रजित : आणि हा एवढा बुटका का? राक्षस कसा छपराला टेकला पाहिजे.

मिथुन : बुटका नाय. वाकलाय तो.

इंद्रजित : वाकलाय कशाला?

मिथुन : ... वाकलाय. पोर खाली हाय, म्हनून वाकलाय. इंदर, खरा सांगू का, माझा हातच लग्नाचा हाय. गावान कुनाचा पन लगीन असू दे, दाराशेजारची भिंत मीच रंगवतंय. कलश, नारल, हात जोडलेली बाई, खाली सुस्वागतम. बारा महिने तोच काम. नायतं क्रिकेटच्या टुर्नामेंटचा बोर्ड, नायतं व्हडीवर नाव. राक्षसाची ऑर्डर मना आजवर कुनी दिली नाय.

इंद्रजित : मी शिकतो त्या कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड रंगवलास ना? त्यावरचा कॉम्प्युटर काय सुंदर काढला होतास. ते बघूनच तर तुझ्याकडे आलो.

मिथुन : तो कॉम्प्युटर गप उभा राहतो. त्याला कोनावर धावून नाय जायाचा.

इंद्रजित : हसू नको रे. उद्या सकाळी हे चित्र पोपटशेठच्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर गेलं सगळं. दिवाळीआधी ते वाशीच्या त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानाची काच नव्याने सजवतात, प्रेसवाला उद्याच त्यांच्याकडे येऊन छापायचं सामान घेऊन जाणार. त्यानंतर जागा नाही म्हणालेत. काचेत एक खोका बसेल एवढीच जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवलीय, तीसुद्धा चित्र पसंत पडलं तर.

मिथुन : आनि पसंत नाय पडला?

इंद्रजित : मग मी बनवलेला कॉम्प्युटरचा खेळ आत, कपाटात, कोऱ्या फ्लॉप्यांच्या मागे. पाल तेवढी बघेल.

मिथुन : मना एक समजत नाय. खेल तुझा आत फ्लॉपीन हाय. तो चांगला असंल तं लोकं घेतीलच ना? वरच्या कागदाचा एवढा टेन्शन कशाला?

इंद्रजित : मीपण पोपटशेठना हेच विचारलं. ते म्हणाले, आतला खेळ कोणाला दिसतो? दिसतो तो खोका. त्यांच्या काचेत बघ तू, सगळे बाहेरून आलेले खेळ. एकावर तोफ, एकावर विमान, एकावर आग ओकणारा काहीतरी प्राणी. त्यांच्यामध्ये माझा खोका, पाठ्यपुस्तकाएवढा. वाशीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून चालला असेल, तर त्याला तिथून कळलं पाहिजे. त्यांचं सरळ गणित आहे, माणूस घाबरला तर थांबेल, थांबला तर आत येईल.

मिथुन : आमचे गावान मानूस घाबरला तं पलतो.

इंद्रजित : वाशीत थांबतो म्हणे.

मिथुन : पन पयल्या चित्रान तू तं भलताच सांगतलास. गोनींच्या थप्प्या काड, टेम्पो काड, वजनकाटा काड, पोर काड, राक्षस काड, वरती चंद्र काड. एवढा सगला काडला, आमचे आयला वाटला जत्रेन कोनती दुकाना कुठं हाईत त्याचा नकाशा हाय.

इंद्रजित : पोपटशेठनी तर ते उलटं धरलं होतं. थोडा वेळ कळलंच नाही त्यांना. म्हणाले, एवढ्याशा खोक्यावर एवढी गर्दी केलीस तर दिसणार काय? एकच वस्तू दाखव, पण मोठी.

मिथुन : म्हनून दुसऱ्यान पोर मोठा केला.

इंद्रजित : हो, आणि तू त्याला असे गुबगुबीत गाल काढलेस की शेठ म्हणाले, हा काय विकतोय, बिस्किटं?

मिथुन : पोराला गाल नाय तं काय मिशा काडू?

इंद्रजित : म्हणून आता राक्षस मोठा. आणि हा राक्षस पाहुण्यांचं स्वागत करतोय. मला काही कळेनासंच झालंय, दादा. वर्षभर खेळ बनवताना डोकं एवढं फिरलं नव्हतं.

मिथुन : मंग तू मना तुझा खेल परत एकदा सांग. त्या दिशी क्लासान तू दाखवलास तवा मना नुसते चौकोन दिसले. मी मान हलवली, पन नीट समजला नाय.

इंद्रजित : तेव्हाच सांगायचं ना!

मिथुन : तू एवढा खूश होतास. कसा सांगू?

इंद्रजित : बरं, ऐक. ते चौकोन म्हणजे गोणी. आपलं कांदा-बटाटा मार्केट. गोणींच्या थप्प्या, थप्प्यांच्या मधे बोळ. पिवळा ठिपका म्हणजे पोरगा. मोठा तपकिरी ठिपका म्हणजे राक्षस, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेला. पोराने लपत लपत फाटकापर्यंत पोचायचं. पण तो लपला की राक्षस एकेक गोण बाजूला काढत येतो. जेवढा वेळ लपाल तेवढी थप्पी कमी होणार.

मिथुन : आनि सापडला का संपला, ना?

इंद्रजित : खलास. पडदा काळा. खेळ संपला.

मिथुन : म्हंजे राक्षस त्याचा काय करतो?

इंद्रजित : काय करतो म्हणजे?

मिथुन : पकडल्यावर. खातो? मारतो? पोत्यान भरून नेतो?

इंद्रजित : ते... ते दाखवलं नाहीये.

मिथुन : दाखवू नको. पन तुना तं ठाव असंल?

इंद्रजित : नाही रे. पकडतो. बस्स, पकडतो.

मिथुन : बग. तुनाच ठाव नाय तं मी कसा काडू? खानारा असंल तं त्याचा जबडा मोठा काडतात. मारनारा असंल तं मूठ मोठी. नुसता पकडनारा असंल तं काय मोठा काडायचा? हात. म्हनून हात मोठे काडले. आता तू बोलतंस, हात चुकले.

इंद्रजित : मी विचारच केला नव्हता कधी. पकडल्यावर पुढे काय, हा प्रश्नच नाही आला माझ्या डोक्यात.

मिथुन : मंग ह्यो राक्षस आयला कुठशी तुझे डोक्यान?

इंद्रजित : खरंच बघितलाय मी त्याला.

मिथुन : राक्षस?

इंद्रजित : हसशील तर नाही सांगणार.

मिथुन : नाय हसत. बोल.

इंद्रजित : मी पहिलीत असेन. आई, मी, आम्ही तेव्हा साताऱ्याकडे गावाला. आबा इथे मार्केटला माथाडी, गाळ्यावरच चार जणांत झोपायचे. सुट्टीत आई मला घेऊन आली होती, लांबच्या नातेवाइकांकडे उतरलो होतो. परत जायच्या दिवशी आबांना भेटायला मार्केटला गेलो. आई म्हणाली, आबांच्या पाया पड, एस्टी निघेल. मला जायचं नव्हतं. आबांना सोडून जायचंच नव्हतं. मी पळालो आणि बटाट्याच्या थप्पीत एक फट होती, तिच्यात शिरलो. पार आत.

मिथुन : अरे देवा. थप्पी आंगावर आयली असती तं?

इंद्रजित : त्या वयात काय कळतं? आत अंधार, मातीचा वास. बाहेर आरडाओरडा चाललेला, मग तो पण थांबला. मग तो आला. डोक्यावरून खोळ, तोंड दिसतच नव्हतं. तोंडाने एक शब्द नाही. वरची गोण काढली, बाजूला टाकली. दुसरी काढली. प्रत्येक गोणीबरोबर थोडा उजेड आत यायचा आणि तो जवळ आलेला असायचा. धापा टाकत होता, जनावरासारखा. शेवटी हात आत आला. मी अशी किंकाळी फोडली म्हणतोस!

मिथुन : मंग?

इंद्रजित : मग आठवत नाही. नंतरचं आठवतं ते आबांच्या खांद्यावर होतो ते. आबांनी सोडवलं मला.

मिथुन : आबांनी सोडवला?

इंद्रजित : हो. नेमके वेळेवर आले.

मिथुन : हं.

इंद्रजित : असा काय बघतोस?

मिथुन : काय नाय. आबांना ठाव हाय का, तू त्या दिवसाचा खेल केलास?

इंद्रजित : आबांना खेळाचंच काही माहीत नाही. बोलणं कुठे आहे आमच्यात? त्यांनी मला एका गाळ्यावर मेहताजींच्या हाताखाली हिशेब लिहायला चिकटवून दिलं होतं. केवढे पाय धरले असतील त्यासाठी कोणाकोणाचे. मी दोन महिन्यांत सोडलं ते काम. म्हणालो, मी कॉम्प्युटरवर खेळ बनवणार. ते म्हणाले, खेळायला ल्हान हाईस व्हय? तेवढंच. त्यानंतर एका शब्दाने विचारलं नाही. एका घरात राहतो, सानपाड्याला. ते ताटावर बसले की मी उठतो, मी बसलो की ते उठतात.

मिथुन : तू सांग ना मंग त्यांना.

इंद्रजित : तोंडाने नाही सांगायचं मला. काय सांगू? मार्केट सुटलं की ते पोपटशेठच्या दुकानावरूनच घरी जातात. एकदा काचेत खोका लागू दे, खाली माझं नाव, इंद्रजित सयाजी कदम. त्यांना वाचता येतं. दिसेल की नाही? मग मला काही बोलायची गरजच नाही. म्हणून म्हणतोय, हे चित्र जमलंच पाहिजे. दुसरं काही नको मला.

मिथुन : ... दात काडू का?

इंद्रजित : काय?

मिथुन : राक्षसाला दात. सध्या खडूनी काडतंय, बरा दिसला तं रंग भरू. तोंड काला हाय, त्याच्यान पांढरे दात उठून दिसतील.

इंद्रजित : काढ. सुळे पण काढ. आणि नखं.

मिथुन : नखा नको. हातांना हात नको लावू. मना नाय जमत ते.

इंद्रजित : का नाही जमत? बोटांच्या पुढे नुसते त्रिकोण काढायचेत.

मिथुन : तीन टाइम काडले, तीन टाइम पुसले. हातावर नखा बसतच नाय. बसवली की बगवत नाय. तू आधी दात बग. जा, लांब जाऊन बग. रस्त्यापलीकरं.

(इंद्रजित ओटीवरून उतरला आणि रस्त्यापलीकडे किराण्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. आधी डोळे मोठे करून पाहिलं, मग बारीक करून, मग मान वाकडी करून. वाण्याने काय हवं म्हणून विचारलं, तर त्याला "भीती" असं उत्तर देऊन बसला. पण चित्र काही त्याला घाबरवायला तयार नव्हतं. उलट त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटत होतं, आणि ते कशाने, हे त्याला काही केल्या कळेना. तो परत येईपर्यंत मिथुनची आई सुमित्राबाई चहाचे कप घेऊन ओटीवर आल्या होत्या.)

सुमित्राबाई : मिथुन, ह्ये काय केलास रं? परवा किती बरा होता चित्र. आज तोंडान ह्ये काय भरलास, तांदूल?

मिथुन : दात हाईत ते, आये.

सुमित्राबाई : कोनाचे?

इंद्रजित : मावशी, तुम्हीच सांगा. तुम्हाला काही माहीत नाही असं समजा. दुकानात हे चित्र दिसलं, तर काय वाटेल?

सुमित्राबाई : मना? मना वाटंल, कोनतरी पोराला उचलाया आलाय.

इंद्रजित : म्हणजे पळवायला?

सुमित्राबाई : पलवाया कशाला? कडेवर घ्यावाला. हात बग ना कसे केलान. पोर पयला पाऊल टाकतो तवा बापूस समोर बसतो, तसा बसलाय. पन दात कशाला? बिचारा हसतंय क रडतंय तेच समजत नाय मना.

इंद्रजित : भीती नाही वाटत?

सुमित्राबाई : कसली भीती? कोनाचे बारशाचा हाय का ह्ये?

इंद्रजित : संपलं. मघाशी लग्न होतं, आता बारसं.

मिथुन : आये, तू आत जा बगू.

सुमित्राबाई : जातंय. पन ते दात पूस. तो बाबा किती वेल गुडघ्यावर बसला इथं. तोंडानी आग आई गं नाय केला. आनि त्याला तू दात लावतंस?

इंद्रजित : कोण बाबा?

मिथुन : आये, चहान साखर कमी हाय.

सुमित्राबाई : पी गुमान. साखर बराबर हाय.

इंद्रजित : मावशी, कोण बसलं होतं गुडघ्यावर?

सुमित्राबाई : परवा आयलता तो. घाटावरचा मानूस. चहा नको, नको बोलला, मंग दोन कप घेतला. जाताना कप धुवाया निघाला, मीच हातानशी काडून घेतला.

इंद्रजित : मिथुनदादा, तू कोणालातरी बसवून काढलंस हे?

मिथुन : ... हो. समोर कोन बसल्याबिगर हात नाय जमत मना.

इंद्रजित : कोणाला बसवलंस?

मिथुन : मी बोललेलू त्यांना, कुनाला सांगनार नाय म्हनून.

इंद्रजित : दादा!

मिथुन : तुझे आबांना.

इंद्रजित : काय?

मिथुन : तुझे आबा आयलेते इंदर. सयाजीराव कदम. आपल्या पायानी आयले, मी नाय बोलवला.

इंद्रजित : काहीतरीच काय बोलतोस! आबा इथे, घणसोलीत? आबांना कोणी सांगितलं?

मिथुन : पोपटशेठनी. तू दुकानान जातंस-येतंस ते रोज बगतान ते, पलीकरच्या बाजूनी. एक दिशी तू गेल्यावर आत शिरले, इचारला, हा पोर इथं कशाला येतो? शेठनी सगला सांगला. बोलला, खेल तयार हाय, चित्राचा घोडा आडलाय, चित्र घनसोलीन मिथुन पेंटर काडतंय. मार्केटची सुट्टी होती परवा, तं आयले.

इंद्रजित : आणि तू माझ्या बापाला राक्षस म्हणून बसवलंस?

मिथुन : मी राक्षस बोललूच नाय! आयची शपथ! मना तुझा खेल नीट समजलाच नव्हता. त्यांनी इचारला, खेल काय हाय? चित्र काडाया तू मना जेवढा सांगतलास तेवढा सांगला. मार्केट हाय, पोर लपलाय, एक मानूस गोनी काडून काडून त्याला शोधतंय. मंग ते हसाया लागले.

इंद्रजित : आबा हसले?

सुमित्राबाई : हसला, आनि डोला पन पुसला. मी बगितला.

मिथुन : बोलले, ‘आरं, ह्ये तर आमचंच हाय. आमचा इंद्या असाच लपला हुता. म्याच काढला त्याला.’ मी बोललू, मंग बसा तुमीच. त्या दिशी कसे होतात तसे बसा.

इंद्रजित : नाही. त्यांनी मला नंतर घेतलं. आधी तो दुसरा माणूस होता.

मिथुन : कोन दुसरा?

इंद्रजित : खोळवाला. आबा मागून आले.

मिथुन : मंग तो खोलवाला कुठं गेला?

इंद्रजित : गेला... गेला असेल. आबांनी हाकलला असेल.

मिथुन : तू बगितलास हाकलताना?

इंद्रजित : नाही.

मिथुन : मना पन समजला नाय तू मगाशी सांगत होतास तवा. म्हनून मी गप बसलू. मना वाटला, मीच चुकीचा आयकलाय. तुझे आबा बोलले, ते गोनी उतरवत होते, डोक्यावर खोल होतीच. तुझी आय रडत आयली, बोलली, पोर थप्पीन शिरला. त्यांनी इतक्या हाका मारल्या का घसा बसला. मंग आवाजच फुटंना. आनि तू आतून ओ देत नव्हतास.

इंद्रजित : नव्हतो देत. लपलो होतो ना.

मिथुन : त्यांना वाटला, गोनी आंगावर पडल्या. तू खाली दबलास. म्हनून एकेक गोन हलूच काडली, बाकीची घसरू नये म्हनून. दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय. बोलले, ‘परतेक गोण काढताना वाटायचं, आता हिच्याखाली बघाया लागतंय.’

सुमित्राबाई : पोटचा पोर होता रं.

इंद्रजित : पण मला बघून तर... मी त्यांना बघून किंचाळलो.

मिथुन : तेच बोलले. ‘मला बघून बोंबललं. म्या खाली बसलो, हुबा ऱ्हायलो की जास्तीच भ्यायचं. हात फुडं केलं. खोळ काढली तवा वळखलं आन् गळ्यात पडलं.’ ते बसले तसा मी काडला. वाकलाय का, हात वर का, सगला तोच हाय. आता मना काय ठाव, तुझे डोक्यानचा राक्षस म्हंजे दुसराच कोन हाय?

इंद्रजित : मला तरी कुठे माहीत होतं?

सुमित्राबाई : चहा थंड होतंय बाला.

इंद्रजित : मावशी, एवढी वर्षं मी एक माणूस मनात धरून बसलोय. स्वप्नात यायचा. क्लासमध्ये सर म्हणाले, काहीतरी भीतीदायक बनव, तर पहिला तोच आठवला. वर्षभर बसून मी त्याच्यापासून पळायचा खेळ बनवला. त्याचा वेग वाढवला, त्याला चुकवायच्या युक्त्या काढल्या. आणि तुम्ही सांगताय, तो...

मिथुन : इंदर, बस आधी.

इंद्रजित : अजून काय बोलले?

मिथुन : इचारला, खेलान पोर सापडल्यावर काय होतं? मी बोललू, मना एवढाच ठाव हाय, सापडला का खेल संपतो. तं बोलले, ‘बराबर हाय. सापडल्यावर मंग काय ऱ्हातंय खेळायचं?’ फार आवडला त्यांना ते. परत परत बोलत होते. बोलले, ‘पोरानं ध्यानात ठिवलं. मला वाटलं, इसरला आसंल.’

इंद्रजित : त्यांना वाटतंय, मी त्यांच्यावर खेळ केलाय.

मिथुन : केलायसच ना?

इंद्रजित : अरे, मी त्यांच्यापासून पळायला लावतोय सगळ्यांना! त्यांच्या हाताला लागलं की हरलात, असा खेळ आहे तो! आणि ते दुकानात जाऊन... मला लाज वाटतेय दादा. खूप लाज वाटतेय. आणि राग पण येतोय, तो कोणावर ते कळत नाहीये. मला घरी का नाही काही बोलले? परवापासून रोज समोर आहेत. काल तर एका ताटातली भाकरी मोडली, चुकून एकाच वेळी बसलो तर. तरी गप्प.

सुमित्राबाई : तू तरी बोललास क?

इंद्रजित : नाही.

मिथुन : दात पुसू?

इंद्रजित : पूस.

मिथुन : खडूच हाय, लगेच जाईल... ह्ये बग, गेले. आता तू सांग, उद्या पोपटशेठला काय देऊ? ह्यो मानूस भीती नाय दाखवनार. मी रातभर बसलू तरी नाय. शेठ काच नाय देनार तुना.

इंद्रजित : माहीत आहे.

मिथुन : दुसरा काडू? ड्रॅगन काडतंय. आग काडतंय. काचेनचा ड्रॅगन बगून काडीन, मंग नाय जमला तं बोल.

इंद्रजित : माझ्या खेळात ड्रॅगन कुठे आहे? घरी नेऊन खेळ लावला की ज्याने त्याने शिव्या घालाव्यात का मला? जे आत आहे तेच वर पाहिजे. आणि आत तर हेच आहे. मलाच आत्ता कळतंय.

मिथुन : म्हंजे ह्योच ठेवायचा?

इंद्रजित : हाच. काच नाही दिली तर नाही दिली. पण दादा, एक सांग. तोंड का असं काळं ठेवलंस? मी तर तुला सांगितलं नव्हतं. मला आवडलं म्हणून मी विचारलं नाही.

मिथुन : मी तोंड काडलेला. चांगला झायलेला, आयला इचार.

सुमित्राबाई : हुबेहूब झायलेला. मिशीसकट.

मिथुन : तुझे आबांनी पुसाया लावला. बोलले, ‘त्वांड नगं. दुकानात लोकं वळखतील. पोराला म्हणतील, हमालाचा पोरगा हाय. त्याला कमीपणा नगं यायला.’ तिथं बसून राहिले, मी काला रंग लावीपरेंत. मंगच उठले.

सुमित्राबाई : मी बोललू त्यांना, असा कसा बोलता? तं नुसते हसले.

मिथुन : इंदर?

सुमित्राबाई : त्याला बसू दे जरा. तू बोलू नको.

इंद्रजित : मिथुनदादा, तोंड काढ.

मिथुन : कसा काडू?

इंद्रजित : ओळखू येईल असं. रस्त्यापलीकडून ओळखू येईल एवढं.

मिथुन : आठवनीतशी नाय जमनार मना. त्यांना परत बसवाया लागंल समोर, आनि ते काय आता तोंड काडू देनार नाय. बग, पोपटशेठकरं निरोप ठेवू का, संध्याकाली तिथशी जातीलच ते?

इंद्रजित : निरोप नको ठेवू. मी घेऊन येतो त्यांना.